प्रभाकरचा सोमवार

गेल्या वर्षापर्यंत मालूबाय सोमवारी यायची नाही. बाकीचे सहा दिवस सकाळी ती आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीच्या गेटाशी मासळीची टोपली उतरवायची आणि “मावरंऽऽ घ्या मावरं!” अशी हाक द्यायची, की चौथ्या मजल्यावरची मांजरं लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली. सोमवारी गेट गप्प. मांजरंसुद्धा त्या दिवशी उशिरा उठायची.

“सोमवार आमच्या यांचा,” असं ती सांगायची, आणि सांगताना पदर नीट करायची.

गोष्ट अशी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी मालूबायचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर मोकळेपणाने बोलेनात आणि नातेवाईक एकाएकी फार गोड बोलायला लागले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रभाकरने, शंकराला शब्द दिला: ही पायांनी चालत घरी आली तर मरेपर्यंत सोमवारी मावरं नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. मालूबाय चालत घरी आली.

हा त्याग केवढा, हे कळायला प्रभाकर माहीत पाहिजे. पनवेलच्या कोळीवाड्यात सोमवार पाळणारी घरं पुष्कळ आहेत, पण त्यांना तो जन्मापासूनचा असतो, जोर लावावा लागत नाही. प्रभाकर त्यातला नव्हता. दीड दिवसाच्या गणपतीकडेही तो ‘केव्हा निघताय?’ अशा नजरेने बघायचा. मटणाच्या रश्श्यात बटाटा निघाला तर आपला कोणीतरी चारचौघांत अपमान केला असं त्याला वाटायचं. असा माणूस बायकोसाठी आठवड्यातला एक दिवस देवाला देऊन बसला. मग मालूबायनेही सोमवार धरला. नवरा समोर वरण-भात गिळत असताना आपण बोंबील कसे खायचे? सोमवारी घरात मावरं शिजेना. जे चुलीवर चढवायचं नाही ते डोक्यावर तरी कशाला, म्हणून धंदाही बंद.

आमच्या इमारतीत प्रभाकरचं फार नाव होतं. कुठल्याही घरात भांडण लागलं की ‘शिका जरा त्या मालूबायच्या नवऱ्याकडून’ इथे येऊन थांबायचं. सोसायटीतल्या एकाही नवऱ्याने त्याला पाहिलेलं नव्हतं, पण सगळे त्याच्यावर मनापासून चिडून असत.

सोमवारी संध्याकाळी प्रभाकर गळ्याला पांढरा मफलर गुंडाळून बाइक काढायचा आणि ओव्याला भजनाला जायचा. ओवे म्हणजे खारघरच्या कडेचं, डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव. बंदरावर क्रेनवर त्याच्याबरोबर असलेले दोघे-तिघे तिथले होते, त्यांचं देवळात सोमवारचं भजन असायचं. परत यायचा तेव्हा तोंडाला बडीशेपेचा वास. “परसादाची,” म्हणायचा. मालूबाय सांगते, तो वाससुद्धा तिला देवाघरचा वाटायचा.

मग प्रभाकरच्या हृदयाने कुरकूर सुरू केली. छातीत मशीन बसवलं. मशीन इमानाने चाललं, हृदयानेच राजीनामा दिला. न्यायच्या आधी दवाखान्यातल्या माणसांनी ते मशीन काढून घेतलं. जाळात फुटतं म्हणाले. मालूबायच्या मनाला तेवढंच लागून राहिलं. “त्याचं व्हतं ना ते? मंग त्याच्यासंगं जाऊ द्यायचं. तसाच रिकामा धाडला माझ्या मानसाला.”

त्यानंतरची पहिली सर्वपित्री आली. त्या दिवशी घराच्या पत्र्यावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. मालूबायने मटण केलं, कलेजी केली, वडे केले. सुनेने, कोमलने, पान मोकळं दिसू नये म्हणून कोपऱ्यात भेंडीची भाजी ठेवली. मुलगा कुंदन शिडी लावून पान वर ठेवून आला. आणि कावळा येईना. त्या दिवशी कोळीवाड्यात प्रत्येक पत्र्यावर पंगत असते, कावळ्यांना ढेकर द्यायलाही वेळ नसतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कुंदन म्हणाला, “आई, बाबांचं काहीतरी मनात राहिलंय.”

“मशीन राहिलंय,” मालूबाय म्हणाली.

तेवढ्यात पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, तिथून सिमेंटची गोणी आली असं सगळ्यांना वाटलं. मग गोणीने पंख मिटले.

तपकिरी, बकऱ्याएवढा दिसणारा पक्षी. मान उघडी, सुरकुतलेली, आणि मानेच्या तळाशी पांढरट पिसांचं कडं, थंडीत मफलर गुंडाळावा तसं. तो दोन उड्यांत पानाशी आला. मटण खाल्लं. कलेजी खाल्ली. भेंडीची भाजी चोचीने बाजूला सारली. मग जरा वळला, तेव्हा त्याच्या पाठीवर काळी डबी दिसली, आणि डबीतून वर आलेली बारीक तार.

“मशीन!” मालूबाय खालीच बसली. “कुंदन, बग रं. घेऊन आला.”

“आई, गिधाड हाय ते,” कोमल म्हणाली. “घरावर बसलं की शांती करावी लागते.”

“गिधाड असंल तुझा सासरा तुझ्यासाठी. पानी ठेव त्याला.”

आता तुम्ही-आम्ही शिकलेली माणसं. आपण लगेच म्हणणार, पण अहो, गिधाड. मी विचारतो, मटण उचलणं, भेंडी सारणं, मफलर आणि मशीन, एवढा पुरावा कोर्टात ठेवला तर वकील काय बोलणार होता?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग येतच राहिला. खाडीकाठच्या ताडावर बसायचा, उन्हं चढली की वर वर घिरट्या घालायचा, आणि जेवणाच्या वेळी पत्र्यावर. मालूबाय बाजारातून येताना मटणवाल्याकडून छाटण आणायची. हाक मारायचा प्रश्न होता. जन्मात तिने नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, पुढे सगळा संसार ‘अवो’ आणि ‘कुंदनचे बाबा’ यांवर चालला. पण पत्र्याकडे बघून ‘अवो’ म्हटलं की गल्लीतले निम्मे नवरे दारात यायला लागले. शेवटी एक दिवस तिने डोळे मिटून, पदर तोंडाशी धरून हाक मारली, “परभाकर! जेवाला ये!” आणि तो आला. त्यानंतर तिला त्या नावाची गोडीच लागली. आयुष्यभराचं साठलेलं नाव ती दिवसभर घ्यायची.

दुपारी ती खाली जाळ्याशी बसायची, तो वर पत्र्यावर. ती बोलायची. कुंदन बंदरावरून उशिरा येतो. कोमलच्या हाताला मीठ कळत नाही, पण पोर चांगली आहे. ऑपरेशनच्या वेळी तू रडलास ते मला नर्सने सांगितलं, मी तुला बोलले नाही. जिवंतपणी प्रभाकर इतका वेळ एका जागी बसून ऐकून घेणारा नव्हता. गेल्यावर माणूस सुधारतो, असं तिचं मत झालं.

आणि सोमवारी? सोमवारी अर्थातच मटण नाही. शंकराला दिलेला शब्द गिधाड झालं म्हणून सुटतो की काय? मालूबाय सोमवारी पत्र्यावर साबुदाण्याची खिचडी ठेवायची. वर दाण्याचं कूट. प्रभाकर तिच्याकडे मान वाकडी करून बघायचा, मग खिचडीकडे, मग परत तिच्याकडे. आणि उडून जायचा.

“निरंकार करतो,” ती आमच्या गेटावर सांगायची. तिचे डोळे भरून यायचे. “पान्याला पन शिवत नाय.” आमच्या बायका पुन्हा आमच्याकडे बघायच्या. म्हणजे आता आम्ही गिधाडापेक्षाही खाली.

थंडी सुरू झाली तेव्हा अनुया आली. जीन्स, पाठीवर सॅक, हातात फोन, आणि पत्र्याकडे बघून थेट रडायच्या बेतात. गिधाडांवर काम करणाऱ्या एका संस्थेत ती होती. तिने ओट्यावर बसून मालूबायला समजावलं ते असं: पूर्वी आपल्याकडे गिधाडं ढिगाने होती. गुरांच्या दुखण्यावर एक औषध द्यायला लागले. ते औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी. काही वर्षांत आकाश रिकामं झालं. म्हणून आता ती पिंजऱ्यात वाढवतात आणि जंगलात सोडतात. हे तिकडे विदर्भात सोडलेलं, महाराष्ट्र आडवा ओलांडून इथे आलंय. पाठीवरची डबी उपग्रहाला सांगते ते कुठे आहे.

“मंजी छातीतली न्हवं?” मालूबायने विचारलं.

“नाही मावशी, पाठीवरचीच. ती जिथे जिथे जाते...”

“ती कोन?”

“ही. गिधाड.”

“तो.”

अनुयाने मालूबायकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. पुढच्या दहा वाक्यांत ‘ती’ आणि ‘तो’ यांची झटापट झाली. शेवटी व्याकरणच मदतीला आलं. गिधाड मराठीत नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे दोघींनी ‘ते’वर तह केला. तहात दोघीही मनातून नाराज होत्या.

मग अनुयाने फोनवर नकाशा दाखवला. लाल ठिपके. कोळीवाड्यावर ठिपक्यांचा नुसता ढीग. मालूबाय खूश झाली. आपला माणूस घर धरून आहे याचा सरकारी कागद असता तर असाच असता.

“आनि ह्यो लांबचा पुंजका कुटला?”

“ते ओवे. तिथे एकाच जागी जाऊन बसतं. आणि गंमत सांगू मावशी? फक्त सोमवारी. दर सोमवारी. आमच्या ऑफिसात सगळे डोकं धरून बसलेत, पक्ष्याला वार कसा कळतो?”

मालूबायच्या हातातला चहा तसाच राहिला. पक्ष्याला वार कसा कळतो हा प्रश्न तिला पडलाच नाही. ओव्याला सोमवारी भजन असतं. तो भजनाला जातो. मरूनही जातो. ती म्हणाली, “बग, शब्दाला केवडा पक्का.” पण तिच्या म्हणण्यानुसार, हे बोलत असतानाच पोटात कुठेतरी मासळीचा काटा टोचावा तसं काहीतरी टोचलं. देवळावर बसतो म्हणावं तर ठिपके देवळाच्या मागच्या बाजूला होते.

अनुयाचं खरं काम वेगळंच होतं. नवं विमानतळ सुरू झालेलं, विमानं खाडीवरून उतरायला लागलेली, आणि हे गिधाड त्याच हवेत घिरट्या घालतंय. एक दिवस धडक होईल. शिवाय ताटातलं खायला सोकावलंय. गिधाडांत राहून गिधाड व्हायला शिकलं नाही तर जगणार नाही. त्याला धरून लांब, दुसऱ्या गिधाडांत नेऊन सोडायचं. पण ते कोणाच्याही हाताला लागत नाही, फक्त मालूमावशींच्या हाकेला येतं. तर मावशींनी...

“मी धरून देऊ?” मालूबाय उठून उभी राहिली. “माझ्या नवऱ्याला? चा पी आनि जा बाय.”

अनुया गेली. काटा राहिला. पुढच्या सोमवारी खिचडी ठेवून, प्रभाकर उडाला तशी मालूबायने चपला घातल्या आणि ओव्याची बस धरली.

देवळाच्या मागच्या गल्लीत, डोंगराच्या तोंडाशी एक चिकनचं दुकान होतं. बाजूला शेगडी, मोठी कढई, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दुकानाच्या मागे उघड्यावर छाटण टाकायची जागा, आणि त्या जागेजवळच्या भिंतीवर, खांदे वर काढून, प्रभाकर. उंच घिरट्या घालणाऱ्या उपाशी पक्ष्याला ही जागा दिसणार नाही तर काय दिसणार? पण मालूबाय काही वरून बघत नव्हती. ती जमिनीवरून बघत होती, आणि तिला तो परक्या बाईच्या दारात दिसला.

बाई तिच्याच वयाची, हसऱ्या तोंडाची, हातात सुरी. तिचं नाव शांती.

“काय पायजे ताय?”

“सोमवारी दुकान उघडं ठेवतास?”

“सोमवारीच तर धंदा!” शांती हसली. “घरी चुली बंद ना. सगले बाप्ये इकडं.” बोलता बोलता तिने मूठभर कातडी मागे भिंतीकडे भिरकावली. “खा रं परभाकर.”

मालूबायने शेजारची खुर्ची ओढली. “काय बोललास त्याला?”

“परभाकर. आमीच नाव ठेवलंय. पनवेलचा एक गिऱ्हाईक व्हता, बंदरावर क्रेन चालवायचा. दर सोमवारी यायचा, याच भिंतीला टेकून बसायचा. गल्याला असाच पांढरा मफलर. तो वारला, आनि मंग हा येऊन बसला त्याच जागंवर. पोरं म्हनाली, परभाकर आला परत.”

“भजनाला यायचा ना तो?”

“यायचा तर. देवलात पाया पडायचा, टाल एकदा वाजवायचा की इकडं. एक प्लेट कलेजी, मिरची वेगली. त्याच्याएवडं चवीनं खानारा मी बगितला नाय. खाऊन झालं की बडीशेप मागायचा, मूठभर.”

भिंतीवर कातडं ओढण्याचा आवाज चालू होता.

“कधीपासून येत व्हता?”

“लय वर्सं. हे दुकान टाकलं तवापासून. मी बोलायची, घरी बायकोला घेऊन जा एक प्लेट. तर म्हनायचा, नको, तिला वाईट वाटंल.” शांतीने सुरी पुसली. “तू वलखतास त्याला?”

“मावरं द्यायची,” मालूबाय म्हणाली. “वलखीचा व्हता.”

आमच्या गेटावर हे सांगताना ती इथे थांबली. टोपलीतली मांदेली उगाचच दुसऱ्या बाजूला लावली. “दुसरी बाई असती ना, तर चाललं असतं,” ती म्हणाली. “झिंज्या धरल्या असत्या. कलेजीच्या झिंज्या कशा धरायच्या?”

हसू येतं, पण जरा हिशेब बघा. ती वर्षानुवर्षं सोमवारी कोरडा भात खात होती, त्याच्या सोबतीने. त्याला एकट्याला जड जाऊ नये म्हणून. सणावाराला, लग्नाघरात, हळदीच्या पंगतीत, सोमवार आला की ताट बाजूला सारून ती सांगायची, आमचे हे माझ्यासाठी खात नाहीत, मी कशी खाऊ? लोक मान डोलवायचे. तिच्या जगण्याच्या बदल्यात देवाला काय दिलंय, हे ती आठवड्यातून एकदा मोजून घ्यायची, आणि त्याच दिवशी तो ओव्याला मिरची वेगळी मागवत होता. आणि वर मेल्यानंतरही! पहिल्या सोमवारी खिचडीकडे बघून मान वाकडी केली होती, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तोच होता. आता तर शंकाच उरली नाही.

परतीच्या बसमध्येच तिने अनुयाला फोन लावला. “ये. सोमवारी ये. धरून देते.”

अंगणात कुंदनने बांबू रोवले आणि त्यांच्यावर बापाचंच जुनं जाळं चढवलं. खोलीएवढा पिंजरा झाला. एका बाजूला दार, दाराला दोरी, दोरीचं टोक ओट्यामागे लपलेल्या अनुयाच्या हातात. अनुयाने सांगितलं होतं, मांस कच्चंच ठेवा, मीठ-मसाला नको. मालूबायने अर्धी कलेजी कच्ची ठेवली आणि अर्धी कढईत तळली. लसूण घातला, मिरची घातली. त्या घराच्या चुलीवर सोमवारी असा वास किती वर्षांनी उठला म्हणून शेजारणी खिडकीत आल्या. कोमल घाबरून म्हणाली, “आई, आज वार कुटला?”

“ज्याचा वार त्याला ठाऊक,” मालूबाय म्हणाली आणि ताट पिंजऱ्यात ठेवून बाहेर आली.

“परभाकर! जेवाला ये!”

तो ताडावरून निघाला. पत्र्यावर उतरला. सोमवारी या घरात काय मिळतं हे त्याला माहीत होतं, तरी हाक ऐकून आला. मग वास आला असावा. तो अंगणात उतरला, दोन उड्या मारून दाराशी आला आणि थांबला. जाळ्याकडे बघितलं. मालूबायकडे बघितलं. मान वाकडी केली.

“खा ना,” ती म्हणाली. “ओव्याला गोड लागते, घरची नको?”

तो हलेना. ओट्यामागून अनुया हाताने खुणा करत होती, सोडा, आज नको. मालूबायने तिकडे पाहिलंच नाही. ती वाकून पिंजऱ्यात शिरली, ताटाशी मांडी घालून बसली, आणि जमिनीवर हात थोपटला. दुपारी गप्पा मारायला बसायची तेव्हा थोपटायची, अगदी तस्सा.

मग तो आत आला. ती आत आहे म्हणून आला. तिच्या गुडघ्याला पंख लागेल इतका जवळ. दोरी सुटली, दार पडलं.

पंखांची एकच झोड उठली. बांबू हलले, ताटातली कलेजी उडाली, मालूबायने डोळ्यांवर हात घेतले. मग सगळं थांबलं. तो कोपऱ्यात, जाळ्याला पाठ लावून, पंख अर्धवट पसरून उभा होता. आणि तिच्याकडे बघत होता. जाळ्याकडे नाही, दाराकडे नाही. तिच्याकडे.

“कळलं आता?” मालूबाय म्हणाली. “कळलं कसं वाटतं ते?”

अनुया धावत पिंजऱ्याशी आली. तिच्या हातात पक्ष्याचे डोळे झाकायची टोपी होती, आणि तिला तहबिह काही आठवत नव्हतं. “मावशी, हलू नका. फार घाबरलीये ती. दोन मिनिटं शांत बसू दे तिला, मग मी तिला...”

“कोन ती?”

अनुयाने हातातली टोपी उलटीसुलटी केली.

“अनुया, कोन ती?”

“मादी आहे मावशी.” अनुयाने खाली बघितलं. “सोडायच्या आधी रक्त तपासतात. पहिल्यापासून माहीत होतं आम्हाला.”

मालूबायने कोपऱ्याकडे पाहिलं. उघडी मान, पांढरं कडं, पाठीवरची डबी. जे होतं तेच होतं. आणि त्यात प्रभाकर कुठेच नव्हता. उपाशी राहिली की ओव्याला जाणारी, दोन घासांसाठी हाकेला ओ देणारी कुणाची तरी पोर होती, आणि जन्मभराचा राग तिच्यावर काढून झाला होता. प्रभाकरची कलेजी मात्र खरीच होती. ती काही रक्त तपासून पुसली जाणार नव्हती.

“मंग मना का नाय सांगलास?”

“तुम्ही इतक्या प्रेमाने... मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

मालूबाय हसली की रडली, हे ओट्यावरच्या कोणालाच नीट सांगता येत नाही. कोमल म्हणते हसली. कुंदन म्हणतो विचारू नका. “त्याला पन असंच वाटलं,” ती म्हणाली. “मना वाईट वाटंल म्हनून सगले मिळून मनाच सोडून जेवलेत.”

अनुया टोपी घेऊन दार उघडायला लागली, तशी मालूबायने हात वर केला. “थांब. भुकेली हाय ती.”

तिने मातीत पडलेली कच्ची कलेजी उचलली, पदराला पुसली आणि कोपऱ्याकडे सरकवली. “खा बाय. तुजा काय गुन्हा.” पक्षी बराच वेळ हलला नाही. मग मान लांब करून त्याने एक तुकडा ओढला. मालूबायने ताटात राहिलेली तळलेली कलेजी पुढे घेतली आणि एक मोठा तुकडा तोंडात टाकला.

“आई!” कोमल ओरडली. “सोमवार हाय!”

मालूबाय चावत होती. तिला बोलता येत नव्हतं.

ती गिधाडीण आता लांब, दुसऱ्या गिधाडांमध्ये आहे. अनुया अधूनमधून फोन करून ठिपके कुठे आहेत ते सांगते. मालूबाय एकच विचारते, “सोमवारी कुटं जाते?” अनुया म्हणते, मावशी, आता तिला वार नसतो. मालूबाय “बरं झालं” म्हणते आणि फोन ठेवते.

आणि आता ती सोमवारीही येते. परवा आमच्या शेजारच्या आशालताबाईंनी गॅलरीतून तिला सांगितलं, “नको ग आज. आमच्याकडे सोमवार असतो, साहेब फार कडक पाळतात.”

“हो?” मालूबायने टोपली खाली ठेवली, सावकाश पदर नीट केला आणि वर बघितलं. “संध्याकाळी कुटं फिरायला-बिरायला जातात का साहेब?”